मोटारीला झूल कशाला?

मोटार ही वस्तू माणसाला इथून तिथं नेण्यासाठी जन्माला आली, याबद्दल निदान शंभर वर्षं तरी कोणाचं दुमत नव्हतं. ती वाटेत बंद पडते ही गोष्ट निराळी. पण बंद पडायलासुद्धा आधी निघावं लागतं. अलीकडे मात्र आपल्याकडे एक नवा पंथ निघाला आहे. या पंथातले लोक जुन्या मोटारी शोधून शोधून विकत घेतात, त्यांना नव्या नवरीसारख्या नटवतात आणि मग अंगभर झूल घालून उभ्या करून ठेवतात. झूल आमच्या गावाकडे बैलाच्या पाठीवर असायची, तीही पोळ्यापुरती. दुसऱ्या दिवशी तोच बैल पुन्हा औताला. यांच्या मोटारींचा पोळा मात्र बारा महिने चालू.

अशाच एका संग्राहकांच्या घरी मला एकदा आग्रहानं नेण्यात आलं. 'तुम्हालाही जुन्या गाड्यांचा नाद आहे ना, मग चला, तुम्हाला खरं कलेक्शन दाखवतो,' असं नेणारा म्हणाला. त्यातला 'खरं' हा शब्द मला लागला, पण मी गेलो. बंगल्याच्या मागं एक लांबलचक शेड, आत संगमरवराची वाटावी अशी फरशी, आणि दाराशी पायपुसणं. मला चपला काढायला लावल्या. मोटारीच्या गॅरेजात चपला काढायची वेळ माझ्यावर आयुष्यात प्रथमच आली. आजवर गॅरेजात मी घातलेले कपडे घरात शिरताना काढावे लागत.

मग एकेक झूल अलगद बाजूला होऊ लागली. खाली मोटारी होत्या, आणि खरं सांगायचं तर दृष्ट लागावी अशा होत्या. क्रोमियम असं चकाकत होतं की त्यात दाढी करता यावी. मी नकळत एका मडगार्डवर हात ठेवला, तर यजमान अंगावर पाल पडल्यासारखे दचकले. "ठसे उठतात हो!"

"चालते का ही?" मी विचारलं.

देवळात जाऊन 'नैवेद्य देव खरंच खातो का?' असं विचारल्यावर पुजारी बघेल तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "चालते म्हणजे? सगळं ओरिजिनल आहे!"

"शेवटची कधी चालवली?"

"मागच्या रॅलीला."

"कुठपर्यंत?"

"ट्रकमधून उतरवली ती मैदानाच्या मधोमध नेली की! बक्षीस मिळालं."

आता तुम्हीच सांगा, जी गाडी ट्रकमध्ये बसून प्रवास करते तिला मोटार म्हणायचं की सामान?

माझ्याकडे तीन गाड्या आहेत. तीन झाल्या म्हणून लोक 'कलेक्शन' म्हणतात. तसं रद्दीवाल्याकडेही कलेक्शन असतं. एक १९६८ ची फियाट, ती वडिलांची. त्या काळी फियाटसाठी नाव नोंदवून नंबर लागेपर्यंत वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. आमच्या घरी ती आली तेव्हा वडिलांना चष्म्याचा नंबर लागून चार वर्षं झाली होती, पण गाडीचा नुकताच लागला होता. दुसरी १९६७ ची दोन दारांची स्टँडर्ड हेरल्ड, मद्रासच्या कारखान्यात झालेली. तिसरी १९७८ ची अँबॅसिडर, बंगालातल्या उत्तरपाड्याची. म्हणजे मुंबई, मद्रास आणि कलकत्ता अशी तीन माहेरं असलेल्या तीन सुना पुण्यात एका छपराखाली नांदताहेत. तिघींच्या तक्रारी वेगळ्या, तिघींची औषधं वेगळी, आणि आमच्या हिच्या मते तिघींचे लाड मात्र सारखे.

या तिन्ही गाड्या मी वापरतो. पुन्हा सांगतो, वापरतो. फियाट मंडईत जाते. तिचा गिअर स्टिअरिंगच्या दांडीवर, त्यामुळे पुढच्या अखंड सीटवर माझ्याशेजारी एक माणूस आणि एक भोपळा आरामात बसतात. त्रिकोणी काच उघडून आपल्या अंगाकडे फिरवली की असा वारा येतो, की त्यापुढं आजकालचं एअरकंडिशनिंग म्हणजे दवाखान्यातली हवा. हेरल्ड पेठांतल्या बोळांसाठी. पंचवीस फुटांत ती पुरी वळते. नव्या गाडीवाले जिथं पुढं-मागं, पुढं-मागं करत घाम गाळतात तिथं मी एका दमात वळवून निघून जातो. (मागं वळून बघत नाही असं मी म्हणणार नाही.) लग्नकार्य, दवाखाना, सासुरवाडी आणि वाई-महाबळेश्वर ही खाती अँबॅसिडरकडे. सात माणसं, दोन ट्रंका आणि कोणाच्या तरी मांडीवरचं मूल घेऊन ती खंबाटकी चढते, तेव्हा तिच्या इंजिनाचा आवाज कुरकुर करणाऱ्या पण कधी नाही न म्हणणाऱ्या मोठ्या वहिनीसारखा येतो.

हे सगळं फुकट होतं असं नाही. सकाळी निघायचं असलं की आधी बॉनेट उघडून ऑइल बघायचं, पाणी बघायचं, बॅटरीचं बूच बघायचं. चोक ओढायचा, पण किती ओढायचा हे पुस्तकात लिहिलेलं नाही. ते हवा बघून ठरवायचं. पावसाळ्यात पॉइंट ओले होतात, ते पुसायचे. वाटेत गाडी मिसिंग करायला लागली तर काडेपेटीच्या गुलाच्या बाजूनं पॉइंट घासायचे. उन्हाळ्यात घाट चढताना पेट्रोल पंपातच पेट्रोलची वाफ होते आणि गाडी थांबते. मग पंपावर ओलं फडकं ठेवून दहा मिनिटं झाडाखाली बसायचं. फियाटवाल्यांच्या एका सबंध पिढीनं सह्याद्रीचं निसर्गसौंदर्य या फडक्यामुळं पाहिलेलं आहे. हेरल्डचं आणखी एक. तिच्या पुढच्या चाकांचे जे खालचे खुंट असतात त्यांना ग्रीस चालत नाही, गिअरमध्ये घालतात ते दाट ऑइलच लागतं. हौसेनं ग्रीस भरणाऱ्यांची चाकं एखाद्या दिवशी वळणावर गुडघ्यात मोडल्यासारखी बसतात. हे मला एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी सांगितलं, आणि ज्या दिवशी सांगितलं त्या दिवशी चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत. विद्या देताना पैसे घेत नाही, म्हणाले.

सोसायटीत माझ्या गाड्यांखाली ऑइलचे थेंब पडतात. त्यावरून आमच्या सेक्रेटरींनी एकदा नोटीस लावली. मी तिन्हींखाली पत्र्याचे ट्रे ठेवले. "काका, गाड्या आहेत की गोठा?" असं तिसऱ्या मजल्यावरचा एक मुलगा म्हणाला. म्हटलं, बाबा रे, गोठाच आहे. रोज धार काढतो.

पण मला सांगायचंय ते हे की, याच कामांमुळं त्या गाड्या जिवंत आहेत. झूलपंथी लोकांचा असा ठाम समज असतो, की गाडी चालवली की झिजते आणि उभी ठेवली की टिकते. हा समज कपाटातल्या शालूच्या बाबतीतही पुरता खरा नाही. मोटारीच्या बाबतीत तर साफ खोटा आहे. उभ्या गाडीच्या टाकीत पेट्रोल शिळं होतं आणि त्याचा चिकट थर कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये बसतो. ब्रेकचं ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि चाकातले ब्रेकचे सिलिंडर आतून गंजून अडकतात. रबरी सीलं कोरडी पडून भेगाळतात. बॅटरी मरते. टायर ज्या बाजूवर उभे असतात तिथं चपटे होतात. आणि झुलीखालचा तो उबदार अंधार बघून उंदीर सहकुटुंब राहायला येतात; वायरिंगचं वरचं वेष्टण त्यांना शेवेसारखं लागत असावं. चालत्या गाडीला यातलं सहसा काही होत नाही. तिला होतात ते चालण्याचे आजार, आणि ते बरे करता येतात.

एका लग्नात याचं प्रत्यंतर आलं. वरातीसाठी नवरदेवाच्या मामांच्या ओळखीतून अशीच एक झुलीखालची गाडी आणली होती. फुलांनी मढवलेली, आरशासारखी. नवरा-नवरी आत बसली, बँड सुरू झाला, ड्रायव्हरनं किल्ली फिरवली. इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं. ढकलायला दहा जण धावले, पण मागच्या चाकांचे ब्रेक आत धरून बसलेले; गाडी तसूभर हलेना. बँडवाल्यांना पैसे तासावर, ते वाजवतच होते. शेवटी नवरा-नवरी माझ्या अँबॅसिडरमधून गेली. तिच्या डिकीत त्या वेळी पाच किलो कांदे होते, पण त्याची वाच्यता मी केली नाही. हिनं केली.

हा सगळा एका पंथाचा खाजगी मामला असता तर मी गप्प बसलो असतो. ज्याच्या गाड्या, ज्याची झूल. पण आता सरकारनंही याच पंथाची दीक्षा घेतली आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी नवे नियम काढले. अशी गाडी मूळ रूपात असेल तर तिला 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येतं. नव्यानं नोंदायची तर फी वीस हजार रुपये, 'व्हीए' अक्षरांची वेगळी पाटी मिळते आणि नोंदणी दहा वर्षं चालते. वाचून मला भरून आलं. म्हटलं, अखेर आमच्या म्हाताऱ्यांची कोणी तरी दखल घेतली! पुढचं कलम वाचलं आणि डोळे कोरडे झाले. अशी गाडी प्रदर्शनाला नेता येईल, रॅलीला नेता येईल, अभ्यासासाठी नेता येईल, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला नेता येईल. रोजच्या वापरासाठी मात्र रस्त्यावर आणता येणार नाही.

म्हणजे बघा, गाडीत पेट्रोल भरायला जाता येईल, पण ते भरलेलं पेट्रोल जाळत मंडईत जाता येणार नाही. आपल्याकडे माणसाचा सत्कार झाला की तो संपला असं समजतात, ते मला ठाऊक होतं. शाल आणि नारळ दिला की पुढं त्याला कोणी काम सांगत नाही. ही पद्धत मोटारींनाही लागू होईल असं वाटलं नव्हतं.

सुदैवानं हा सत्कार अर्ज करून मागून घ्यावा लागतो. मी मागितलेला नाही. फियाट आणि हेरल्ड या दोघी वयानं केव्हाच पात्र झाल्या, पण मी त्यांना सामान्य नागरिक म्हणूनच वागवतो. दर पाच वर्षांनी आर.टी.ओ.त घेऊन जातो, तपासून घेतो, पर्यावरण कर भरतो, पी.यू.सी. काढतो. ही फेरनोंदणीची फी १ एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजार झाली, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांना ती दहा हजार केली. वय वाढलं की प्रवासात सवलत मिळते हा नियम माणसांपुरताच आहे असं दिसतं. तरी मी भरतो. तपासणाऱ्या साहेबांनी मागच्या खेपेला फियाटचा हॉर्न वाजवून बघितला, दिवे बघितले, ब्रेक बघितले आणि मग म्हणाले, "जरा मी चालवून बघू?" तो काही तपासणीचा भाग नव्हता. त्यांच्या लहानपणी चाळीत एकाकडे होती म्हणे.

माझा विरोध फीला नाही, कलमालाही फारसा नाही. जुन्या गाडीचं जतन म्हणजे ती रस्त्यावरून उचलणं, या कल्पनेला आहे. फियाटचंच बघा. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी वर्षानुवर्षं तयार झाली. पुढं तिचं नाव 'प्रीमियर पद्मिनी' झालं. या शतकाच्या तोंडाशी तिचं उत्पादन बंद पडलं. त्यानंतर वीस-बावीस वर्षं फियाटचा प्रत्येक भाग बाजारात मिळत होता: क्लच प्लेट, बुश, पंपाचा डायफ्रॅम, दाराचं हँडलसुद्धा. कोणामुळं? संग्राहकांमुळं? मुळीच नाही. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांमुळं. ती काळी-पिवळी गाडी दिवसरात्र दादर-बोरीबंदर करत होती, झिजत होती, मोडत होती, म्हणून तिचे भाग करणारे छोटे कारखाने चालू होते आणि ते बसवणारे मिस्त्री पोट भरत होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत भरून रस्त्यावरून उतरली. वर्तमानपत्रांत फोटो आले, लोक हळहळले. मी त्या आठवड्यात नाना पेठेत गेलो आणि फियाटच्या तीन क्लच प्लेटा घेऊन ठेवल्या. दुकानदार म्हणाला, "एकदम तीन? लग्न आहे का घरात?"

तसंच झालं. हळूहळू माल आटू लागला. आता कंडेन्सर मिळतो, पण तो असा की आज बसवला तर परवाचा दिवस बघेल याची खात्री नाही. रविवारी आणि बुधवारी जुन्या बाजारात लोखंडाच्या ढिगात बसून मी पार्ट शोधतो, तेव्हा शेजारी असेच दोन-तीन टक्कलवाले ढीग उपसत असतात. आम्ही एकमेकांकडे संशयानं बघतो.

आणि भाग एक वेळ लेथवर करून घेता येईल, पण हात कुठून आणायचे? माझे उस्ताद सत्तरीच्या पुढचे आहेत. इंजिनाला लांब स्क्रू-ड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाला लावतात आणि सांगतात, "तीन नंबरचं टॅपेट बोलतंय, साहेब." ते बोलतच असतं. त्यांच्या हाताखाली एक पोरगा होता, हुशार, बोटांत जादू असलेला. दीड वर्ष टिकला. आता तो मोटारसायकलवरून घरोघर जेवण पोचवतो. मी उस्तादांना म्हटलं, "त्याला थांबवायचा होता." ते म्हणाले, "कशावर थांबवू साहेब? महिन्याला जुन्या गाड्या येतात चार, त्यांतल्या तीन तुमच्या." झूलपंथीयांच्या पन्नास गाड्या याच शहरात उभ्या असतील. त्या रोज राहोत, आठवड्यातून एकदा जरी कात्रजपर्यंत जाऊन आल्या, तरी दर महिन्याला कोणाचा तरी फॅनबेल्ट तुटेल, कोणाचं रेडिएटर गळेल, आणि तो पोरगा उस्तादांकडे परत येईल. बाहेरून रंग आणि आतून उंदीर अशा गाड्या कितीही जपल्या तरी त्यातून मिस्त्री तयार होत नाही.

आता कोणी म्हणेल, धुराचं काय? धूर आहे. माझी फियाट नव्या गाडीपेक्षा प्रत्येक किलोमीटरला जास्त धूर सोडते, यात वाद नाही. पण तिघी मिळून महिन्याला जेवढ्या धावतात तेवढं आमच्या समोरच्या बंगल्यातली नवी जीपगाडी एका आठवड्यात धावते, तीही बहुतेक वेळा एकट्या माणसाला घेऊन जिमला, म्हणजे जागच्या जागी पळायला. सुरक्षिततेचं म्हणाल तर माझ्या फियाटला पट्टे नव्हते; पुढं दोन बसवून घेतले. एक्सप्रेस वेवर मी तिला नेत नाही. साठीच्या बाईला शंभरच्या वेगानं पळवू नये एवढी रीतभात मला आहे. नव्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं, ते जुन्या रबराला मानवत नाही. म्हणून होज पाइप आणि डायफ्रॅम बदलून त्याला सोसेल असं रबर घातलं. ही अक्कल गाडी चालवल्यामुळं आली. झुलीखाली तेच पेट्रोल गुपचूप पाइप खात बसलेलं असतं आणि मालक क्रोमियम पुसत असतो.

इंग्लंडात लंडनहून ब्रायटनपर्यंत दर नोव्हेंबरात जुन्या मोटारींची एक वारी निघते. गाडी १९०५ च्या आधीची हवी, अशी अट. साठ मैलांचा रस्ता, वर पाऊस, थंडी, आणि बहुतेक गाड्यांना टपसुद्धा नसतं. सव्वाशे वर्षांच्या त्या म्हाताऱ्या धापा टाकत, वाफा सोडत समुद्रापर्यंत जातात. काही वाटेत बसतात, मालक कोट काढून चिखलात त्यांच्याखाली शिरतात. त्या लोकांकडे पैसा नाही म्हणून ते ट्रक करत नाहीत असं थोडंच आहे? इंग्रजांचं दीडशे वर्षं आपण नको ते सगळं उचललं. क्रिकेट उचललं, टाय उचलला, फायलीवरचे शेरे उचलले. नेमकं हे राहून गेलं.

"अहो, पण या तीन गाड्यांपायी घरात नवा सोफा आला नाही," असं ही मधूनमधून म्हणते. त्यावर मी तिला फियाटची मागची सीट दाखवतो. तशी सीट आज कोणत्या दुकानात मिळते?

तेव्हा, झूलपंथी मंडळींनो, भांडण इथंच थांबवतो, कारण मला तुमच्याकडे काम आहे. माझ्या हेरल्डची मागची उजव्या बाजूची लाल काच परवा एका रिक्षेनं फोडली. जुना बाजार पालथा घातला, नाना पेठ झाली, मद्रासलाही एकाला सांगून ठेवलं आहे. मिळत नाही. तुमच्यापैकी कोणाच्या झुलीखाली हेरल्ड असेल तर तिची ती काच शाबूत असणार. ती मला द्या. रोख पैसे देतो. नाहीतरी तुमच्या गाडीच्या मागं कोण येतंय, ज्याला लाल दिवा दाखवायचाय? स्क्रू दोनच आहेत. पाना-पेंचीस मी घेऊन येईन, चपलाही बाहेर काढीन.